डबे आधी, भोंगा नंतर

३ मार्च

मामा,

नमस्कार आधी, तक्रारी नंतर. म्हणजे निदान पहिली ओळ तरी तुम्ही न रागावता वाचाल.

आत्मचरित्राची पहिली दहा प्रकरणं तपासून बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवली आहेत. लाल शाई बघून दचकू नका. एका पानावर ‘मी’ सव्वीस वेळा आलाय, त्यातले निम्मे खोडलेत. मंत्री होतात, मान्य. पण त्या पानावरचा पूल काही तुम्ही एकट्याने विटा वाहून बांधलेला नाही. स्टेनोबाईंना सांगा, चूक त्यांच्या टायपिंगची नाही, तुमच्या स्वभावाची आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि नको ते तर मुळीच येत नाही.

अकरावं प्रकरण मात्र एका बैठकीत वाचलं आणि पेन खाली ठेवलं. खालच्या वस्तीच्या पाण्यात रोगजंतू सापडले. सगळे अधिकारी म्हणत होते, दुसरा अहवाल येऊ द्या. आणि तुम्ही त्याच संध्याकाळी भोंग्याच्या गाड्या फिरवल्यात! मामा, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. ‘सरकारला शंका आली, की ती शंका त्याच क्षणी लोकांची झाली. खात्री होईपर्यंत ती खिशात ठेवायचा अधिकार सरकारला नाही.’ हे वाक्य मी कागदावर उतरवून ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवलंय. इथे पाणीपुरवठा केंद्राची प्रमुख होऊन मला चार वर्षं झाली, पण असं काही कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी सात वर्षांची होते, तुमच्याकडेच राहायला होते. आई धाकट्याच्या बाळंतपणाला दवाखान्यात. मला फक्त एवढंच आठवतं, की सरकारी मोटारीतून झाकणाचे मोठे पत्र्याचे डबे यायचे, स्वयंपाकघरात रांगेने लागायचे, आणि आम्ही मुलं उलथन्याने त्यांचा बँड वाजवायचो. मंत्र्याच्या घरी पाणीसुद्धा डब्यातून येतं, अशी बढाई मी पुढे वर्षभर शाळेत मारली.

बाकी ठीक. पूर्वेच्या टाकीच्या लाइनीवरची तपासणीची एक बाटली आज काळी पडली. काळी म्हणजे पाण्यात घाण असल्याची शंका. कधी कधी बाटलीच नीट धुतलेली नसते. उद्या पुन्हा नमुना घेऊ.

तुमची,
भिंगरी

---

५ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद आणि एक निषेध. खोडलेले तेरा ‘मी’ मी परत घातले आहेत. स्टेनोबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तीस वर्षं माझ्याकडे काम करतात, पण मला शिव्या बसल्या की त्यांना होणारा आनंद अजून ताजा आहे.

अकरावं प्रकरण तुला आवडलं हे वाचून बरं वाटलं. ते फार तपासत बसू नकोस. प्रकाशक घाईला आलाय. प्रकाशनाला सध्याचे मंत्रिमहोदय येणार आहेत, आणि याच प्रकरणातला उतारा ते भाषणात वाचणार आहेत म्हणे. तेव्हा ती पानं परतीच्या बसने पाठवून दे.

बाटलीचं मनावर घेऊ नकोस. अशा तपासण्या पुष्कळदा चुकतात. जेवत जा वेळेवर.

मामा

---

६ मार्च

मामा,

पानं पाठवत नाहीये. मला ती लागणार आहेत.

दुसरी बाटलीही काळी पडली. मग पाच ठिकाणचे नमुने घेतले, त्यातल्या चार बाटल्या काळ्या. क्लोरीन वाढवून पाहिलं, उपयोग झाला नाही. टाकी स्वच्छ आहे. घाण पुढे कुठेतरी पाइपात शिरतेय. त्या लाइनीवर नऊ हजार माणसं आहेत. एक शाळा, एक प्रसूतिगृह, आणि माझी स्वतःची गल्ली.

मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, खाली ठेवल्या, हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, “बाई, आपल्या बाटल्यांना कोण विचारतं? मुख्य प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. उगीच लोकांची पाचावर धारण बसवायची आणि मग अहवाल चांगला आला तर तोंड कुठे लपवायचं?” मी म्हटलं, “आणि वाईट आला तर?” ते म्हणाले, “तर अहवालावर सही माझी नसेल.”

आता मला तुम्ही हवे आहात. अकरावं प्रकरण समोर उघडं आहे, पण त्यात सगळं एका ओळीत उरकलंय: ‘त्याच संध्याकाळी मी लोकांना सांगितलं.’ मामा, कसं सांगितलंत? वाक्यं काय होती? ‘पिऊ नका’ म्हणायचं की ‘उकळून प्या’? माणसं चिडली का? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पाणी कुठून दिलंत, टँकर किती लागले, रांगेत मारामाऱ्या झाल्या का? परवानगी घेतली होतीत की नंतर कळवलंत? पाणी बंद असलं की फिरवतो ती भोंग्याची गाडी आमच्या आवारातच उभी आहे. चावी माझ्या खणात आहे. मला फक्त पहिल्या तासात काय करायचं ते सांगा, पुढचं मी बघते.

उलट बसने उत्तर द्या. ड्रायव्हरकाकांना थांबायला सांगितलंय.

भिंगरी

---

७ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काळजी वाटली, ती तुझी.

इतक्या वर्षांपूर्वीचे तपशील आता कुठे आठवणार? रेडिओवर मी स्वतः निवेदन वाचलं एवढं स्मरतं. टँकर वगैरे खालच्या लोकांनी पाहिलं. आणि हे लक्षात घे, मी मंत्री होतो. माझ्या चुकीला पक्ष होता, पाठीराखे होते. तुझ्या चुकीला तू एकटी. तुझ्या साहेबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पाच दिवसांतले दोन तर गेलेच. अहवाल हातात असला की बोलायला पायाखाली जमीन असते. एक मुलगी आहे तुझ्या पदरात, तिच्या बापाची नोकरी लांबच्या गावी. निलंबन झालं तर काय करशील?

आणखी एक. माझ्या पुस्तकाचा हवाला साहेबांपुढे देऊ नकोस. ते अजून छापलेलं नाही. काचेखालचा कागदही तूर्त काढून ठेव.

अकरावं प्रकरण पाठव.

मामा

---

८ मार्च

मामा,

मी पुस्तकातल्या मामाचं ऐकू, की पत्रातल्या?

काल तुमचं पत्र आलं तेव्हा आधी वाटलं, तुम्हाला बरं नाहीये. मग वाटलं, माझ्यावरच्या मायेपोटी तुम्ही भित्रे झालात. तसंच समजून गप्प बसणार होते. पण शाळेतून निरोप आला. आज सत्तेचाळीस मुलं गैरहजर. तिसरीच्या बाईंनी फळ्यावर हजेरी लिहिली आणि पुसून पुन्हा मोजली. दुपारी मी त्या रिकाम्या बाकांकडे बघत उभी होते, आणि एकदम डबे आठवले.

पुस्तकात भोंग्याच्या गाड्या आहेत, पत्रात रेडिओ आहे. असू दे, माणूस विसरतो. पण भोंग्याची गाडी आपल्या दारावरून गेली तो दिवस मी विसरलेले नाही. त्याच दिवशी आई बाळाला घेऊन दवाखान्यातून आली. आम्ही तिच्यासाठी डब्यांचा बँड बसवला होता. मामी ओरडत होती, “अरे थांबा, भोंग्यात काय म्हणतायत ते ऐकू द्या!” मामा, तो बँड आम्ही आयत्या वेळी बसवला नव्हता. त्याची तालीम झाली होती. पहिल्या दिवशी दोन डबे होते, मग चार झाले. मी मोठ्या डब्यासाठी मामेभावाशी भांडले, हरले, आणि दुसऱ्या दिवशी तो मला मिळाला.

म्हणजे डबे आधी आले, भोंगा नंतर.

मध्ये किती दिवस होते, मामा?

खरं सांगा. माझ्यापाशी खोटं बोलून तुम्हाला काय मिळणार? मी तुमची फक्त पानं तपासते. उद्या दुपारची बस बघेन.

भिंगरी

---

९ मार्च, सकाळी

भिंगरी,

चार.

पहिल्या अहवालाच्या संध्याकाळी मी निवेदन तयार करायला सांगितलं, इथपर्यंत पुस्तकात आहे ते खरं आहे. स्टेनोबाईंनी ते टाइप करून आणलं. मी पेन उघडलं, आणि खात्यातले दोघंजण म्हणाले, दुसरा अहवाल येऊ द्या. निवडणूक जवळ होती. मी समासात ‘तूर्त थांबावे’ लिहिलं आणि घरी आलो. घरी येताना ड्रायव्हरला सांगितलं, उद्यापासून वरच्या विहिरीचं पाणी डबे भरून आपल्याकडे आण.

तुझ्या मामीने विचारलं होतं, “आणि बाकीच्यांचं काय?” मी म्हणालो, “अजून नक्की नाही.” ती म्हणाली, “मग आपल्याकडे डबे कशाला?” ती वारली तोपर्यंत हा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही, आणि ते मला जास्त जड गेलं.

चौदा माणसं गेली. त्यातली नऊ तिसऱ्या दिवसानंतर आजारी पडलेली होती, म्हणजे मी थांबलो त्या दिवसांतलं पाणी पिऊन. नऊ, भिंगरी. ही संख्या पुस्तकात नाही. म्हातारपणी लिहायला बसलो तेव्हा हात आपोआप जसं घडायला हवं होतं तसं लिहीत गेला. दोन-चारदा वाचल्यावर ते मलाच खरं वाटायला लागलं. परवा तू विचारलंस, वाक्यं काय होती, आणि ‘आठवत नाही’ असं लिहून मी सुटका करून घेतली. मला भीती तुझ्या नोकरीची नव्हती. तू ते वाक्य कुणाला तरी दाखवशील, कुणीतरी जुनी फाइल उघडेल, याची होती. त्यासाठी मी तुझे दोन दिवस घालवले. तुझ्या गल्लीतल्या माणसांचे घालवले.

स्टेनोबाईंना आज पहाटेच बोलावून घेतलं आणि हे सगळं सांगितलं. त्या घरी गेल्या आणि त्या निवेदनाची कार्बन कॉपी घेऊन आल्या. इतकी वर्षं जपून ठेवलेली! मी विचारलं, का ठेवलीत? म्हणाल्या, “टाइप केलेलं वाया गेलेलं मला आवडत नाही.” सोबत जोडली आहे. चार दिवसांनी भोंग्यावरून जे वाचलं गेलं ते हे नव्हे. त्यात ‘खबरदारीचा उपाय म्हणून’ वगैरे होतं. हे पहिलं आहे. याची वाक्यं चांगली आहेत.

एकच विचारतो, आणि उत्तर मला देऊ नकोस. तुझ्या घरात पाणी उकळून पितात का? कधीपासून? पीत असाल तर तुझा निर्णय झालेलाच आहे, फक्त तो तू घरापुरता ठेवलायस.

थांबू नकोस.

मामा

---

११ मार्च

मामा,

परवा संध्याकाळी साडेपाचला गाडी काढली. चालक म्हणाला, “बाई, साहेबांची चिठ्ठी?” मी म्हटलं, “माझी आहे,” आणि तिथेच बॉनेटवर ठेवून लिहून दिली. कार्बन कॉपी हातात धरून मीच बोलले. तुमच्या खालच्या वस्तीच्या जागी पूर्वेची लाइन म्हटलं, बाकी शब्द तेच. “या नळाचं पाणी पिण्यालायक नसावं अशी आम्हाला शंका आहे. खात्री झालेली नाही. खात्री होईपर्यंत पिऊ नका.” आणि शेवटी एक ओळ माझी घातली: “आमच्या घरी तीन तारखेपासून पाणी उकळून पितात. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

पहिल्या दोन गल्ल्यांत ही शेवटची ओळ मला म्हणता आली नाही. तिसऱ्या गल्लीत म्हटली, आणि मग मागे वळून पहिल्या दोन पुन्हा केल्या.

माणसं चिडली का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. चिडतात. पण पाणी वाईट आहे म्हणून नाही. एक बाई लेकरू काखेत घेऊन गाडीच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, “सहा दिवस?” एवढंच. तिला बाजूला व्हा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ती आपणहून झाली.

टँकर सात लागले, मारामारी एकच झाली. एकशे बारा जण दवाखान्यात आहेत. अजून कुणी गेलेलं नाही. ‘अजून’ हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला. पाइप सापडला, शाळेच्या मागच्या गटारात फुटलेला. मुख्य प्रयोगशाळेचा अहवाल अजूनही यायचाय.

साहेबांनी खुलासा मागवलाय: परवानगीवाचून घोषणा का केली? गल्लीतल्या लोकांनीही अर्ज दिलाय: घोषणा सहा दिवस उशिरा का केली? दोन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी शेजारी पडलेत. पहिल्याचं उत्तर दहा मिनिटांत लिहून टाकलं. दुसऱ्याचं जमत नाही.

तुम्हाला अजून एक सांगायचंय. आमच्या शेजारी कुलूपआजी राहतात. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतात म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. पण सगळ्या गल्लीच्या जादा किल्ल्या त्यांच्याच कनवटीच्या पिशवीत. आमचीही. माझी मुलगी शाळेतून आली की आजीच दार उघडून देतात. चार तारखेला त्यांनी आमच्या ओट्यावर झाकलेली पातेली बघितली आणि मला विचारलं, “हल्ली पाणी उकळतेस गं?” मी म्हटलं, “मुलीचा घसा धरलाय.”

मी असं म्हटलं, मामा. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

आठ तारखेला त्यांना दवाखान्यात नेलं. मी अजून गेलेले नाही. फाटकापर्यंत जाते आणि काहीतरी काम काढून परत येते.

भिंगरी

---

१३ मार्च

भिंगरी,

अकरावं प्रकरण नव्याने लिहिलं. सोबत आहे. फक्त अडीच पानांचं झालं. सुरुवात अशी: ‘त्या चार दिवसांत माझ्या घरी पाणी डब्यांतून येत होतं.’ यात ‘मी’ पुष्कळ आहेत, पण या खेपेला एकही खोडू नकोस.

प्रकाशक संतापलाय. मंत्रिमहोदयांना अचानक दौरा निघाला. पुस्तक निघेल की नाही ठाऊक नाही. नाही निघालं तर स्टेनोबाई म्हणतात, त्या कार्बन लावून पाच प्रती काढतील. त्यांच्या प्रती टिकतात, हे आपण पाहिलंच आहे.

तुझ्या दुसऱ्या कागदाचं उत्तर मी सांगू शकत नाही. मला तो कागद कधी आलाच नाही. माझ्यापर्यंत येऊ दिला नसावा, आणि मीही चौकशी केली नाही. चौदा घरं होती. गाडीने गेलो असतो तर एका सकाळचं काम. मी एकाही दारात गेलो नाही. प्रत्येक वेळी मलाही काहीतरी काम निघायचं. हे प्रकरणाच्या शेवटी लिहिलंय. लिहून सुटका झाली असं मात्र वाटत नाही.

तू फाटकाच्या आत जा. आजी काय म्हणतील ते ऐकून घे आणि मला कळव. तुला शिकवायला आता माझ्याकडे काही उरलेलं नाही, पण ऐकायचं मात्र राहून गेलंय.

मामा

---

१५ मार्च

मामा,

गेले.

आजींची खाट खिडकीपाशी आहे. एवढ्याशा झाल्यात, उशीवर नुसते केस दिसतात. सलाइन काल काढलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. मी स्टुलावर बसले. वाटलं होतं, तोंड फिरवतील, चार शब्द ऐकवतील. त्याची तयारी करून गेले होते.

त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि हसल्या. म्हणाल्या, “मुलीचा घसा बरा झाला का गं?”

आजी आठ तारखेपासून तिथेच आहेत. भोंगा त्यांनी ऐकलेलाच नव्हता. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. मामा, ‘हो, बरा झाला’ म्हणून उठून येणं किती सोपं होतं! तोंडापर्यंत आलं होतं.

मी सांगितलं. घसा धरला नव्हता. मला पाण्याचा संशय होता, तीन तारखेपासून. घरी उकळत होते आणि तुम्हाला सांगितलं नाही. का, तर खात्री नव्हती आणि साहेब नको म्हणाले. सांगता सांगता ते मलाच ऐकवेना, पण पुरं केलं.

नर्स येऊन ताप बघून गेली. मग आजींनी उशीखालची पिशवी काढली. बोटांना नीट पकडता येत नव्हतं, पण मला हात लावू दिला नाही. एकेक किल्ली चाचपत त्यांनी आमची किल्ली शोधली, लाल दोरा बांधलेली, आणि माझ्या हातावर ठेवली.

“पोरीला शाळेतून आल्यावर बाहेर बसवू नकोस,” म्हणाल्या. “दुसरी सोय कर.”

एवढंच बोलून त्या खिडकीकडे वळल्या.

तुमचं प्रकरण तपासलं. एकही ‘मी’ खोडलेला नाही. गल्लीच्या अर्जाचं उत्तरही काल लिहून दिलं, एका ओळीचं. किल्ली टेबलावर आहे, काचेखालच्या त्या कागदाच्या वर. आज साडेतीनला ऑफिसातून उठून घरी गेले आणि मुलीला दार मी उघडून दिलं. उद्याचं अजून ठरलेलं नाही.

तुमची,
भिंगरी